सोसायटीच्या भिंतीवर वारली चित्रं : कोण काढणार, काय काढणार, नाव कुणाचं लागणार?

पातलीपाडा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

आमची सोसायटी ठाण्यात घोडबंदर रोडला, पातलीपाड्याच्या आतल्या अंगाला. सर्व्हिस रोडकडच्या कंपाउंड वॉलवर यंदा वारली चित्रं करून घ्यायची असं कमिटीनं ठरवलंय. रंगकामाच्या कॉन्ट्रॅक्टरनं कोटेशन दिलं, स्टेन्सिलनं केलं तर एक दर, हातानं काढलं तर दुसरा. नमुने व्हॉट्सॲपवर आले: तारपा या वाद्याभोवतीचा नाचाचा फेर, बैलगाडी, विहिरीवरच्या बायका, छत्रीखालचं जोडपं आणि एक नक्षीदार चौकोन. चौकोनाखाली 'बॉर्डर डिझाईन' असं लिहिलंय. तो आपल्या कचऱ्याच्या खोलीच्या भिंतीवर मस्त बसेल, अशी त्याची सूचना आहे.

तो चौकोन म्हणजे लग्नचौक आहे. मध्ये पालघट देवी आहे.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या घरचं लग्न डहाणूकडच्या पाड्यावर होतं, तेव्हा हा चौक लिहिताना मी जवळ बसून पाहिलाय. कारवीच्या कुडाची आतली भिंत शेणानं सारवून त्यावर गेरू दिलेला. तांदूळ वाटून केलेलं पांढरं वाटीत, आणि बांबूच्या काडीचं टोक चेचून तिचाच कुंचला केलेला. सवाशिणी आळीपाळीनं लिहीत होत्या. आधी बाहेरचा चौकोन, मग त्याच्या काठाला एकात एक गुंतलेल्या नक्षीच्या ओळी, त्यात शिडी, फणी, बाजूला चंद्र-सूर्य, झाडं. पालघट मधोमध. शेजारी लहान चौकात, म्हणजे देवचौकात, घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. त्यातली एक म्हातारी मधूनच हात थांबवून मागे सरकायची, भिंतीकडे नीट बघायची आणि पुन्हा पुढे यायची. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणत एकेका देवाला लग्नाला बोलावत होती. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. तिथे तो शोभेसाठी नसतोच.

आणि आम्ही तो कचऱ्याच्या डब्यांमागे लावणार?

मी कमिटीत आहे, त्यामुळे अडवू शकते, पण अडवून काय करायचं तेही सांगता आलं पाहिजे. चित्रं काढूच नयेत असं माझं म्हणणं नाही. येऊरचा डोंगर आमच्या गच्चीतून दिसतो, तिथे आजही वारल्यांचे पाडे आहेत. भिंतीवर त्यांची कला यावी असं मलाही मनापासून वाटतं. पण ती त्यांच्याकडून यावी. जाणकारांनी सांगा: काय काढावं, काय काढू नये, कलाकाराशी व्यवहार कसा करावा?

---

सडेतोड_ठाणेकर

ताई, कचऱ्याच्या खोलीबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. तेवढं बदला. पण पुढचं सगळं मला जास्त वाटतं. वारली आज साडीवर आहे, कपावर आहे, पुलाच्या खांबांवर आहे. कला पसरते ती अशीच. आपला गणपती टी-शर्टवर चालतो ना? मग चौक का नाही? आणि स्टेन्सिल स्वस्त पडतं. मेन्टेनन्स वाढला की हेच मेंबर एजीएममध्ये कमिटीला धारेवर धरतात.

---

खारीगाव_हस्तकला

मी घरून कुर्ते आणि दुपट्टे रंगवते, त्यात वारली नक्षी असते. मी वारली नाही. कळव्यातल्या एका क्लासमध्ये शिकले. धागा वाचून काळजी वाटायला लागली. आमच्यासारख्यांनी हे काम बंद करावं असं कुणाचं म्हणणं आहे का? स्पष्ट सांगितलं तर बरं होईल.

---

सागवान

मी वारली. गाव तलासरी तालुक्यात, नोकरी ऐरोलीला. सगळ्या वारल्यांच्या वतीनं बोलत नाही, आमच्या एका पाड्यातच दोन मतं निघतील. माझं मत सांगतो.

गणपती टी-शर्टवर चालतो, कारण छापणारा आणि घालणारा दोघांनाही तो गणपती आहे हे ठाऊक असतं. इथे कॉन्ट्रॅक्टरला पालघट आहे हेच माहीत नाही. त्याच्या लेखी ती बॉर्डर. फरक तिथे पडतो.

चौक कागदावर काढू नये असं काही नाही. आमचे थोर चित्रकार जिव्या सोमा मशे यांनीही काढले, आमचे आजचे कलाकारही काढतात, विकतात. माझी मावशी लग्नात चौक लिहिते आणि कापडावर काढून विकतेही. तिच्या मते धवलेरीनं बोलावलं नाही तोवर देव तिथे बसत नाहीत, ते चित्रच असतं. पण ते कुठे लावायचं याची चाड तिला आहे. गिऱ्हाईकाला ती सांगते, पायाशी लावू नका, बाथरूमच्या भिंतीला लावू नका. कॉन्ट्रॅक्टरच्या फोनमधल्या नमुन्याला हे सांगणारं कुणी नाही.

आता तारप्याचं. सगळ्या भिंतींवर हाच फेर असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तारपा सुकवलेल्या दुधी भोपळ्याचा. खाली बांबूच्या दोन नळ्या मेणानं बसवलेल्या, पुढे ताडाच्या पानाचा कर्णा. तारपकरी मध्ये असतो आणि नाचणारे एकमेकांच्या कमरेत हात घालून त्याच्याभोवती फिरतात. त्याच्याकडे पाठ करत नाहीत. त्यानं चाळा, म्हणजे वाजवण्याची चाल, बदलला की पाऊल बदलतं, तो वळला की अख्खी रांग वळते. म्हणून आमच्या चित्रात ती रांग सापासारखी उलगडत जाते, तिला एक टोक असतं, त्या टोकाला पुढारी असतो. स्टेन्सिलमध्ये मात्र बंद गोल असतो, तारपकरी कोपऱ्यात कुठेतरी झाडाखाली उभा आणि निम्मे नाचणारे त्याच्याकडे पाठ करून. आमच्याकडचं शेंबडं पोरही बघून म्हणेल, हे नाचणार कसे?

आणि एक. आम्ही कायम नाचतच का असतो? शहरातल्या भिंतींवर बघा, वारली माणूस एक तर नाचतोय नाहीतर बैलगाडी हाकतोय. आमच्या चित्रांत आगगाडी, मोटारी कधीच्या आल्या. माझा मावसभाऊ काढतो त्यात बुलेट ट्रेनचे खांब शेतातून जाताना दिसतात, वाढवण बंदरासाठी समुद्रात भराव टाकणारी यंत्रं दिसतात. ते चित्र कुणी लॉबीत लावायला मागत नाही. 'ट्रॅडिशनल काहीतरी द्या' म्हणतात. आमची परंपरा जिवंत माणसांची आहे. ती डोळ्यांसमोर जे आहे ते काढते.

खारीगावताई, तुम्ही काम बंद करा असं मी म्हणणार नाही. खाली सवडीनं लिहितो.

---

जुना_वाचक

सागवान यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून थोडा इतिहास. आपल्या जिल्ह्याचाच आहे आणि आपल्यालाच माहीत नसतो. (पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. त्याआधी डहाणू-तलासरी ठाणे जिल्ह्यातच होतं.)

बाहेरच्यांनी वारल्यांबद्दल लिहायला लागून दीडशेहून जास्त वर्षं झाली. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये वारली, कातकरी, ठाकूर यांची वर्णनं आहेत. ती अर्थातच राज्य करणाऱ्याच्या नजरेतली. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांचा आवाज त्यात कुठेच नाही.

आता लग्नाबद्दल. त्या काळी वारली तरुणाला लग्नासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून कर्ज काढावं लागे. ते फेडायला तो आणि त्याची बायको दोघंही त्या मालकाकडे राबत, बहुतेकदा जन्मभर. त्यांना लग्नगडी म्हणत. शिवाय वेठ होतीच, बिनमोल राबणूक. २३ मे १९४५ ला झरी गावी किसान सभेच्या परिषदेत वारल्यांनी वेठ नाकारली. त्याच साली १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी त्यात गेले. किसान सभेचे नेते शामराव आणि गोदावरी परुळेकर या लढ्यात होते. गोदावरीबाईंनी पुढे तो सगळा काळ लिहून ठेवला, आणि तो बाहेरच्या माणसानं कसं लिहावं याचा नमुना आहे, कारण त्या आधी पाड्यांवर राहिल्या, त्यांच्याबरोबर चालल्या, मग लेखणी उचलली.

ज्या लग्नासाठी माणूस आयुष्य गहाण टाकायचा, त्या लग्नाचा चौक आहे हा. छत्रीखालचं जोडपं बघताना मला हे आठवतं.

---

पातलीपाडा

@जुना_वाचक, लग्नगडी हा प्रकार मी ऐकून होते, पण चौकाशी त्याचा संबंध माझ्या मनात कधी जुळला नव्हता. कमिटीपुढे हे वाचून दाखवणार आहे.

---

वर्तकनगरच्या_बाई

मी शिक्षिका. शाळेचं नाव सांगत नाही. ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाला आमच्याकडे वेशभूषा असते. पालक दुकानातून 'आदिवासी ड्रेस' भाड्यानं आणतात. कमरेला प्लास्टिकची पानं, बिबळ्याच्या ठिपक्यांचं कापड, डोक्यात पिसं, गळ्यात हाडांची माळ, गालांवर पांढरे पट्टे. हातात भाला. मुलं स्टेजवर येऊन हूहू करतात, खाली टाळ्या.

त्या वर्गात येऊरच्या पाड्यावरची एक मुलगी होती. ती निळ्या पिनोफ्रॉकमध्ये, दोन वेण्या घालून बसलेली. तिची आजी गुडघ्यापर्यंतचं लुगडं नेसते, कधीकधी तिला न्यायला शाळेच्या दारात येते. एका मुलानं तिला विचारलं, 'तू का नाही आदिवासी झालीस?' ती काहीच बोलली नाही.

मी त्या वर्षी मुख्याध्यापकांकडे गेले आणि वेशभूषा बंद करा म्हणून लेखी दिलं. वाद झाला, बराच. आता त्याऐवजी पाड्यावरचे पालक येतात. पावसाळ्यातल्या रानभाज्या घेऊन येतात, कोणती कशी ओळखायची आणि कोणती उकळून पाणी टाकल्याशिवाय खायची नाही ते सांगतात. गेल्या खेपेला त्या मुलीची आजीच बोलायला उभी राहिली. मुलांनी तिला इतके प्रश्न विचारले की पुढचा तास बुडाला.

भिंतीचं आणि याचं सूत्र मला एकच वाटतं. ज्यांची गोष्ट आहे ते हाकेच्या अंतरावर असताना आपण त्यांना सोडून दुकानाकडे का जातो?

---

सडेतोड_ठाणेकर

बाई, हे वाचून वाईट वाटलं. माझ्या नातवालाही असाच ड्रेस आणला होता. पुन्हा आणणार नाही.

पण भिंतीचा प्रश्न राहतोच. कायद्यानं स्टेन्सिल लावणं चूक आहे का? वकील कुणी असेल तर सांगा.

---

नौपाडा_वकील

थोडक्यात सांगतो, कारण यात गैरसमज फार.

१) वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे जीआय. आदिवासी युवा सेवा संघानं त्यासाठी अर्ज केला होता. जीआय नावाचं रक्षण करतं. ठरलेल्या प्रदेशाबाहेर, नोंदणी नसलेल्यानं केलेला माल 'वारली पेंटिंग' म्हणून विकणं अडचणीचं ठरू शकतं. पण त्रिकोणांची माणसं काढण्याच्या शैलीला कुलूप लागत नाही.

२) एखाद्या कलाकारानं रचलेलं विशिष्ट चित्र मात्र त्याचं आहे. आयुष्यभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. कॉन्ट्रॅक्टरच्या फोनमधले नमुने कुणाच्या चित्रावरून उचललेत ते त्याला विचारा. उत्तर येणार नाही, आणि तीच धोक्याची खूण आहे.

३) कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ महत्त्वाचं. हक्क विकले तरी 'हे मी केलं' असं सांगण्याचा कलाकाराचा हक्क उरतो, आणि कामाची त्याच्या लौकिकाला बाधक अशी मोडतोड झाली तर दाद मागता येते. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकलं होतं. दिल्ली उच्च न्यायालयानं २००५ मध्ये अवशेष त्यांना परत द्यायला लावले आणि ५ लाख रुपये भरपाई दिली. उद्या तुमची भिंत पाडायची वेळ आली तर कलाकाराला आधी कळवायचं, एवढं करारात आत्ताच लिहा.

४) वनहक्क कायदा २००६, कलम ३(१)(ट), इंग्रजी प्रतीत हे के अक्षराखाली सापडेल. जैवविविधता आणि सांस्कृतिक विविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समाजाचा सामूहिक हक्क त्यात मान्य केलाय. पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा) कायदा १९९६ नुसार अनुसूचित क्षेत्रात परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार ग्रामसभेचा. यांच्या जोरावर स्टेन्सिल थांबेल असं मी म्हणत नाही. पण 'ही कला कुणाचीच नाही, म्हणून सगळ्यांची' हे कायद्यालाही मान्य नाही, एवढं त्यातून दिसतं.

---

खारीगाव_हस्तकला

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. तेव्हा आपण सगळे पेटून उठलो होतो. मीही स्टेटस ठेवलं होतं. शेवटी त्यांनी भारतीय कारागिरीचा वारसा मान्य केला. तेव्हा जे आपण मागितलं, तेच डहाणूची माणसं आपल्याकडे मागू शकतात, हे मला आता नीट दिसतंय. सागवान, तुम्ही लिहिणार होतात.

---

सागवान

हो. तुमच्या लेबलवर 'वारली चित्रकला' न लिहिता 'वारली चित्रांवरून प्रेरित, रंगकाम अमुक यांचं, कळवा' असं लिहा. गिऱ्हाईकाला खरं कळेल. देवचौक, पालघट, पंचशिऱ्या अंगावर घालायच्या कपड्यावर नको, विशेषतः कमरेखाली. आणि जमलं तर वर्षातून काही तागे आमच्याकडच्या बायकांकडून रंगवून घ्या, त्यांच्या नावानं विका. तुमच्याकडे गिऱ्हाईक आहे, त्यांच्याकडे हात आहे.

बायकांचं मुद्दाम म्हणतो. ही कला मुळात त्यांची. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणू तालुक्यातल्या गंजाडला आले, त्यांनी कागद आणि रंग दिले, जिव्या मशे यांचं काम बाहेर गेलं. १९७६ ला राष्ट्रीय पुरस्कार, २०११ ला पद्मश्री. आम्हाला त्याचा फार अभिमान आहे, त्यांच्यामुळे जगाला आमचं नाव कळलं. पण भिंतीवरून कागदावर येताना चित्राखाली सही आली, आणि सही बहुतेक पुरुषांची आली. पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिणाऱ्या सवाशिणींची नावं कुठेच नाहीत. त्यामुळे कलाकार बोलावताना बाईलाही बोलवा आणि सही तिचीही घ्या.

चांगलं उदाहरणही सांगतो, नाहीतर सगळी तक्रारच होईल. छायाचित्रकार गौरी गिल यांनी गंजाडच्या परिसराचे फोटो काढले आणि राजेश वांगड यांनी त्याच फोटोंवर वारली रेषांनी त्या जागेच्या गोष्टी काढल्या. कॅमेऱ्याला जे दिसत नाही, म्हणजे जुनी झाडं, दुष्काळ, मारामाऱ्या, देव, ते त्यांच्या हातातून आलं. चित्रावर दोघांचीही नावं. बाहेरच्यानं यायचं तर असं यावं.

---

पातलीपाडा

अपडेट देते. मीटिंग झाली, दोन तास चालली.

स्टेन्सिल बारगळलं. डहाणू तालुक्यातलं एक जोडपं, दोघंही कलाकार, येऊन भिंत बघून गेले. सागवान यांनी ओळख करून दिली, त्यांचे आभार. पैसे कॉन्ट्रॅक्टरमार्फत न देता दोघांच्या खात्यांत वेगवेगळे जमा होतील. त्यांचा दर हाती काढण्याच्या कोटेशनपेक्षा थोडा जास्त आहे. आम्ही भिंतीची लांबी कमी केली, दर कमी केला नाही. करारात वकीलसाहेबांनी सुचवलेली कलमं घेतली. भिंतीवर उजव्या हाताला डोळ्याच्या उंचीवर दोघांची नावं आणि गावाचं नाव येईल, आणि त्यांच्या परवानगीशिवाय कॉन्ट्रॅक्टर वा कमिटी ते चित्र कुठेही छापणार नाही.

विषयावरून थोडी ताणाताणी झाली. सेक्रेटरींना मध्यभागी आपले टॉवर हवे होते. त्या जोडप्यातल्या बाईंनी भिंतीच्या दोन्ही टोकांना जाऊन बघितलं आणि डोंगराकडे हात करून विचारलं, इथे आधी काय होतं? आमच्यातल्या एका आजोबांनी सांगितलं, भातखाचरं, ओढा, मोहाची झाडं. मग त्यांनी ठरवलं की डोंगर, वाघोबाचं ठाणं, ओढ्यावरच्या मासे पकडणाऱ्या बायका, खाचरं, आणि खाचरांतून वर येणारे टॉवर, क्रेनसकट. विटा वाहणारी माणसंही. सेक्रेटरी म्हणाले, विटा वाहणारी कशाला? बाई म्हणाल्या, आमचीच माणसं होती ना ती. यावर कुणी काही बोललं नाही आणि विषय मंजूर झाला.

चौक येणार नाही. तो त्यांनीच नको म्हटला.

तीन मेंबरांनी विरोध नोंदवलाय, खर्चाच्या मुद्द्यावर. तो मिनिट्समध्ये आहे.

आता प्रश्न एकच. कमिटीला १५ ऑगस्टला उद्घाटन हवंय. जमेल का?

---

सागवान

नाही जमणार. आत्ता आवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू आहे, दोघंही शेतात आहेत. मग निंदणी, दसऱ्याच्या पुढेमागे कापणी, झोडणी. दिवाळीनंतर मोकळे होतील. तुमची भिंतही तोवर ओलीच राहणार, आत्ता रंग दिलात तर पहिल्याच उन्हात पोपडे धरेल. पाऊस थांबला की ओल जिरू द्या, भेगा भरून घ्या, बाहेरच्या भिंतीचा प्रायमर मारा आणि गेरूच्या रंगाचा बेस दोन हात देऊन ठेवा. बेस चकचकीत नको, मॅट घ्या, चकाकीवर पांढरी रेष सरकते. राहण्याची सोय क्लब हाउसमध्ये करता आली तर बघा, रोज डहाणूहून लोकलनं येऊन काम होत नाही.

---

पातलीपाडा

क्लब हाउसची किल्ली माझ्याकडेच असते. दिवाळीनंतरची तारीख त्यांना विचारून कळवा, नोटीस बोर्डावर तीच लावते.